गुऱ्हाळातलं प्रदर्शन: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आम्ही पाच जणांनी कराडजवळच्या एका गुऱ्हाळात प्रदर्शन भरवलं. पावसाळ्यात चुलाण थंड असतं म्हणून मालकाने जागा दिली. एकाने छताला उसाची चिपाडं टांगली, एकीने कोयनेच्या धरणग्रस्त म्हाताऱ्यांचे आवाज रिकाम्या काहिलीत ठेवून ऐकवले. काहिलीत आवाज असा घुमतो, की तो परिणाम कुठल्या एसी हॉलमध्ये मिळाला नसता. पण आधी आम्ही हॉलच मागायला गेलो होतो, हेही खरं. साडी सेलला जे भाडं, तेच आम्हाला सांगितलं. विकायला काही नाही म्हटल्यावर समोरचे गृहस्थ म्हणाले, "मग भरवताय कशाला?"

दिल्लीतल्या 'खोज' या कलाकारांच्या संस्थेची सुरुवात १९९७ साली मोदीनगरच्या एका कार्यशाळेने झाली. काही कलाकार एकत्र राहिले, काम केलं, एवढंच. खिडकी गावातली वास्तू मागाहून आली. बंगळूरला सुरेश जयराम यांनी शांती रोडवरचं राहतं घरच कलाकारांना मोकळं केलं. कोचीत २०१२ साली बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोन चित्रकारांनी बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, उभी केली. केरळ सरकारने पैसा दिला आणि मसाल्याच्या व्यापारातल्या जुन्या वखारी चित्रांनी भरल्या.

आपल्याकडे तर साताऱ्यातलं औंध आहे. स्वतः चित्रं काढणाऱ्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली डोंगरावर संग्रहालय उघडलं. राजा रविवर्मा आहेतच, पण जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं माय-लेकराचं शिल्पही तिथे आहे. माण-खटावच्या दुष्काळी मुलखात, मूर! आज ते संग्रहालय आपल्याच खात्याकडे आहे. जुनं जपलं जातंय, ठीक. नवं करायला मात्र खोली नाही.

कृपा करून नवं कलाभवन बांधू नका. कोनशिला बसेल, खुर्च्या येतील, आणि पुन्हा भाडं येईल. पट कमी झाल्याने बंद पडलेल्या जिल्हा परिषद शाळांच्या दोन खोल्या तीन वर्षांसाठी द्या. वीजबिल आम्ही भरू. काय मांडायचं ते ठरवायला समिती नको. शाळा दुसऱ्या खात्याच्या, हे ठाऊक आहे. म्हणून तर आपण शब्द टाकावा.

दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळ पेटेल. त्याआधी कळवलंत, तर सामान थेट शाळेतच हलवता येईल.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, जि. सातारा