काटकसर रक्तात नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जर्मन माणूस अंथरूण पाहून पाय पसरतो, अमेरिकी माणूस ऋण काढून सण साजरा करतो आणि जपानी माणूस पै पै साठवतो, अशा आशयाची मांडणी आपल्या दैनिकात नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या एका लेखात वाचली. समाजाच्या आर्थिक वृत्तीमागे त्याची संस्कृती आणि त्याचा इतिहास उभा असतो, हे लेखाचे मुख्य म्हणणे मला मान्य आहे. मात्र त्यात संस्कृतीचा हात किती आणि इतिहासाचा किती, याची फोड लेखात कुठेही झालेली नाही, आणि ‘लोकांची मानसिकता बदलल्याखेरीज अर्थव्यवस्था बदलणार नाही’ हा शेवटचा निष्कर्ष या फोडीअभावीच निघाला आहे, असे मला वाटते.

लेखात जर्मनी अग्रभागी आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका अमेरिकी डॉलरसाठी सुमारे ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. कामगारांना दिवसातून दोनदा पगार वाटला जाई आणि तो हाती पडताच घरची माणसे खरेदीला धावत, कारण काही तासांतच भाव बदललेले असत. वर्षानुवर्षे विम्याचे हप्ते भरलेल्यांना अखेर जी रक्कम मिळाली, तिच्यात टपालाचे तिकीटही येत नव्हते. याच्या उलट, घर किंवा शेत गहाण ठेवून ज्यांनी कर्ज काढले होते, त्यांचे देणे रद्दीच्या मोलाच्या कागदांनी फिटले. (१९२५ च्या कायद्याने गहाणकर्जाचा सुमारे चौथा हिस्सा पुन्हा जिवंत केला, तरीही कर्जदार फायद्यातच राहिला.) या अनुभवातून निघणारा सरळ धडा असा होता की, साठवणारा बुडतो आणि उधार घेणारा तरतो. पुढे १९४८ च्या चलनबदलात बँकेतल्या १०० जुन्या मार्कांच्या जागी ठेवीदाराच्या हाती जेमतेम साडेसहा नवे मार्क आले, म्हणजे पंचवीस वर्षांत बचत करणारा दुसऱ्यांदा नागवला गेला. एवढे होऊनही युद्धोत्तर पश्चिम जर्मनीतला माणूस बचत खात्याकडेच वळला. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणे समजू शकते, पण इथे तर लोक पुन्हा त्याच दुधाकडे गेले. ‘अनुभवातून वृत्ती घडते’ एवढे म्हणून हे कोडे सुटत नाही.

ते सुटते संस्थांकडे पाहिल्यावर. हॅम्बुर्गमध्ये १७७८ सालीच बचत बँक निघालेली होती आणि नंतरच्या काळात अशा बँका गावोगाव पोहोचल्या. १९२४ मध्ये मिलान येथे भरलेल्या बचत बँकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जागतिक बचत दिन ठरवला. तो जर्मनीत आजही पाळला जातो. ऑक्टोबरच्या अखेरीस लहान मुले आपापले गल्ले घेऊन बँकेत जातात, खिडकीतला कर्मचारी त्यांच्यासमोर नाणी मोजून खात्यात जमा करतो आणि मुलाच्या हाती एखादी छोटी भेटवस्तू ठेवतो. १९५७ पासून चलनाची राखण सरकारच्या दबावाबाहेर असलेल्या बुंडेसबँक या मध्यवर्ती बँकेकडे आली, १९५९ च्या कायद्याने दीर्घ मुदतीच्या बचतीवर सरकारी अनुदान मिळू लागले, आणि मुख्य म्हणजे नव्या मार्कने पुढची पन्नास वर्षे लोकांना दगा दिला नाही. ज्याला आपण जर्मन स्वभाव म्हणतो, त्याचा मोठा भाग या पन्नास वर्षांत घडला.

इतिहासाच्या आठवणीबद्दलही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. चलनवाढीने जर्मनीत हिटलर आणला, असे सर्रास बोलले जाते. प्रत्यक्षात त्या चलनवाढीनंतर पाच वर्षांनी, १९२८ च्या निवडणुकीत, नाझी पक्षाला अवघी २.६ टक्के मते होती. जुलै १९३२ मध्ये ती ३७.३ टक्क्यांवर गेली आणि तेव्हा भाव चढत नव्हते, उतरत होते. चॅन्सेलर ब्रूनिंग यांनी मंदीतच सरकारी खर्च आणि पगार कापले होते आणि सुमारे ६० लाख लोक बेकार होते. आजच्या जर्मन नागरिकांची पाहणी करणाऱ्या अभ्यासकांना असे आढळले की, अनेकांच्या मनात ही दोन वेगळी संकटे एकच होऊन बसली आहेत. २००९ मध्ये सरकारी कर्जाला घटनेतच लगाम घातला गेला, तेव्हा या सरमिसळ झालेल्या स्मृतीचा उपयोग झाला नसेल असे म्हणणे कठीण आहे. समाजाच्या आर्थिक वृत्तीला आकार देतो तो इतिहासाचा सांगितला गेलेला भाग, आणि काय सांगायचे याची निवड नंतरच्या पिढ्या व नंतरचे राज्यकर्ते करत असतात. (मार्च २०२५ मध्ये हाच लगाम संरक्षण आणि पायाभूत सुविधांसाठी बराच सैल केला गेला. गरज पडली की राष्ट्रीय स्वभावातही घटनादुरुस्ती करता येते, हे त्या निमित्ताने दिसले.)

दक्षिण कोरियाचा उल्लेख लेखात नाही, पण या विषयावर त्याच्याइतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच सापडेल. डिसेंबर १९९७ मध्ये परकीय चलन संपत आल्याने त्या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. पुढच्याच महिन्यापासून लोक घरातले सोने घेऊन रांगा लावू लागले. लग्नातल्या अंगठ्या आणि मुलाच्या पहिल्या वाढदिवशी मिळालेली चिमुकली वळी तराजूवर ठेवली जात होती. सुमारे ३५ लाख लोकांनी मिळून २२० टनांहून अधिक सोने जमा केले. याला पूर्वपीठिका होती. १९०७ मध्ये, जपानचा पंजा आवळत असताना, त्याच्याकडून घेतलेले १ कोटी ३० लाख वॉनचे कर्ज फेडण्यासाठी देगू शहरातून चळवळ उठली होती आणि तीन महिने तंबाखू सोडून वाचलेले पैसे द्यावेत, असे आवाहन पुरुषांना केले गेले होते. ती चळवळ जपान्यांनी दडपली, पण कर्ज म्हणजे गुलामगिरीचे दार ही भावना मागे राहिली आणि नव्वद वर्षांनी ती सोन्याच्या रूपाने बाहेर आली. इतिहासाने आर्थिक वर्तन कसे घडते, याचा इतका स्वच्छ दाखला मिळाल्यावर कोणीही म्हणेल की, कोरियन माणूस मुळातच कर्जाला भिणारा आहे.

पण त्याच काळात सरकारने मागणी वाढवण्यासाठी क्रेडिट कार्डांना उत्तेजन द्यायला सुरुवात केली. कार्डावरील खर्चाला १९९९ पासून करसवलत मिळाली आणि कार्डाच्या पावत्यांवर चक्क सोडत काढून बक्षिसे दिली जाऊ लागली. २००३ पर्यंत लक्षावधी लोक थकबाकीदार झाले आणि देशातली सर्वांत मोठी कार्ड कंपनी बुडता बुडता वाचवावी लागली. ज्या घरांतून अंगठी गेली, त्यांतल्याही काही घरांत पाच वर्षांच्या आत वसुलीच्या नोटिसा आल्या असतील. आज घरगुती कर्जाच्या प्रमाणात तो देश जगात वरच्या ओळीत आहे. पाच वर्षांत संस्कृती बदलत नाही. नियम बदलतात.

अमेरिका आणि जपान यांच्या तुलनेतही हेच दिसते, फक्त तिथे सारे काही कराच्या कलमात लपलेले आहे. अमेरिकेत १९१३ च्या प्राप्तिकर कायद्यापासून १९८६ च्या सुधारणेपर्यंत केवळ घरकर्जाचेच नव्हे, तर मोटारीच्या आणि कार्डाच्या कर्जाचेही व्याज करपात्र उत्पन्नातून वजा करता येत असे. त्याच सुमारास, १९८८ पर्यंत, जपानमध्ये सामान्य माणसाच्या ठरावीक रकमेपर्यंतच्या ठेवींचे व्याज करमुक्त होते; शिवाय १८७५ पासून टपाल खात्याची बचत योजना होती, आणि युद्धानंतर १९५२ मध्ये बचतीच्या प्रचारासाठी खास केंद्रीय मंडळ नेमले गेले होते. एका सरकारने कर्जाला अनुदान दिले, दुसऱ्याने बचतीला, आणि आपण त्यातून दोन राष्ट्रांचे दोन स्वभाव वाचले. पुढे जपानमधील कुटुंबांच्या बचतीचा दर १९७० च्या दशकाच्या मध्यावरील वीस टक्क्यांहून अधिक पातळीवरून घसरत २०१० च्या दशकाच्या मध्यावर जवळपास शून्यावर आला. याचे मोठे कारण लोकसंख्येचे वार्धक्य. म्हातारी माणसे साठवलेले खर्च करतात. चहापानाचा विधी, झेन आणि सामुराईंची शिस्त हे सगळे जागच्या जागीच होते.

अनुभवाची छाप जपानमध्ये खरोखर दिसते ती किमतींच्या बाबतीत. भाव जवळजवळ स्थिर राहण्याची दोन-अडीच दशके गेल्यावर भाव न वाढणे हाच जणू सामाजिक करार होऊन बसला. २०१६ मध्ये तिथल्या एका लोकप्रिय बर्फकांडीची किंमत पंचवीस वर्षांनी ६० येनवरून ७० येन झाली, तेव्हा कंपनीचे वरिष्ठ आणि कर्मचारी ओळीने उभे राहून वाकून क्षमा मागत असल्याची जाहिरात दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. मात्र १९७४ मध्ये याच देशात महागाई वीस टक्क्यांच्या वर होती, हे विसरून चालणार नाही.

संस्कृतीचे स्पष्टीकरण मला संशयास्पद वाटते ते याचसाठी, की निकाल पाहून ते फिरवता येते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये प्रॉटेस्टंट नीतीशी भांडवलशाहीच्या प्रेरणेचा संबंध जोडला आणि पुढे कन्फ्यूशियसच्या परंपरेमुळे चीनमध्ये तशी प्रेरणा उपजली नाही, असे म्हटले. १९८० च्या दशकात पूर्व आशिया झेपावला, तेव्हा तीच कन्फ्यूशियन परंपरा शिस्त, शिक्षण आणि काटकसरीची जननी ठरली. १९९७ चे संकट आले आणि एका रात्रीत तिच्यातून वशिलेबाजी निघाली. भारताच्या १९५० ते १९८० मधील साडेतीन टक्क्यांच्या वाढीला अर्थशास्त्रज्ञ राज कृष्ण यांनी ‘हिंदू विकासदर’ असे उपरोधाने म्हटले होते. १९८० नंतर दर वाढला, धर्म तोच राहिला. वेबर यांच्या मूळ सिद्धांताबाबत प्रशिया या जर्मन राज्याची एकोणिसाव्या शतकातील जिल्हावार आकडेवारी तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना असे दिसले की, प्रॉटेस्टंट जिल्ह्यांच्या पुढारलेपणाचा बराचसा उलगडा साक्षरतेने होतो. बायबल स्वतः वाचता यावे म्हणून प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथरने शाळांचा आग्रह धरला होता. इथे धर्माचा वाटा नाकारता येत नाही, पण तो वर्गखोलीतून आला.

याचा अर्थ वृत्ती वरवरच्या असतात आणि नियम बदलताच गळून पडतात, असा मात्र काढू नये. भाषा, धर्म आणि इतिहास एक असलेला जर्मन समाज चाळीस वर्षे साम्यवादी पूर्व आणि भांडवलशाही पश्चिम अशा दोन राज्यांत विभागला गेला होता. एकीकरणानंतरच्या पाहण्यांत, बेकारी, आजारपण आणि म्हातारपण यांची जबाबदारी सरकारने घ्यावी असे मानणारे पूर्वेत लक्षणीय प्रमाणात अधिक आढळले. पूर्वेतल्या माणसाचे वय जितके जास्त, तितका हा कल पक्का. हा फरक मिटायला वीस ते चाळीस वर्षे लागतील, असा अंदाज त्या अभ्यासात बांधला गेला. आफ्रिकेतील पुरावा याहून खोल आहे. गुलामांच्या व्यापारात ज्या जमातींची सर्वाधिक माणसे पळवली गेली, त्यांचे वंशज आजही शेजारी, नातलग आणि स्थानिक सत्ता यांच्यावर कमी विश्वास ठेवतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्या काळी माणसाला विकणारा पुष्कळदा ओळखीचाच असे, क्वचित घरातलाही. ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानेच विकले, हे पिढ्यानपिढ्या मुलांना सांगितले गेले असेल, तर उधारी, भागीदारी आणि व्यापार या विश्वासावर चालणाऱ्या गोष्टी तिथे सहजी कशा रुजाव्यात?

आता लेखातील उपायाविषयी. लोकांची मानसिकता प्रबोधनाने बदलावी, असे लेखकाने सुचवले आहे. हे अर्जेंटिनातल्या ठेवीदाराला सांगून पाहावे. ऑगस्ट २००१ मध्ये तिथल्या संसदेने बँकांतील ठेवींना सरकार हात लावू शकणार नाही, असा खास कायदा केला. डिसेंबरात खाती गोठली आणि आठवड्याला २५० पेसोंहून अधिक रोकड काढण्यास बंदी आली. लोक भांडी बडवत रस्त्यावर उतरले. त्यानंतर डॉलरमधील ठेवी डॉलरमागे १.४० पेसो या दराने सक्तीने पेसोत बदलल्या गेल्या आणि काही महिन्यांतच बाजारात डॉलर तीन पेसोंच्या पुढे गेला. आजही तिथे घराचा सौदा डॉलरमध्ये होतो, आणि अर्जेंटिनाच्या लोकांनी बँकव्यवस्थेबाहेर ठेवलेले डॉलर २०० अब्जांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने हे घरात दडवलेले डॉलर उजळ माथ्याने वापरता यावेत म्हणून चौकशीचे नियम शिथिल करण्याची घोषणा केली. या लोकांच्या अर्थसाक्षरतेत काही कमी आहे, असे मला वाटत नाही. विनिमयाचा दर, व्याज आणि महागाई यांचे गणित त्यांच्याइतके तोंडपाठ असलेला समाज विरळाच. ते बँकेत पैसे ठेवत नाहीत, कारण ठेवून पाहिलेले आहेत. आणि ठेवीला हात न लावता सरकारांनी लागोपाठ वीस-तीस वर्षे काढली, तरच ही मानसिकता बदलेल. ते काम व्याख्यानमालेने होण्यासारखे नाही.

आपला,
एक नियमित वाचक