चॉकलेटचं रक्त

संपादक महोदय,

जॉर्ज रोमेरोचा १९६८ सालचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ परवा पुन्हा पाहिला. सव्वा लाख डॉलरच्या आत, पिट्सबर्गजवळच्या एका शेतघरात उरकलेला, उठून माणसांवर चालून येणाऱ्या मुडद्यांचा कृष्णधवल चित्रपट. रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप, हे ठाऊक असूनही तळघरातली ती पोरगी थापी उचलते तेव्हा मी पाय खुर्चीवर घेतलेच! खरं तर मुडद्यांपेक्षा घरात अडकलेल्यांची भांडणंच जास्त छळतात. रात्रभर खिंड लढवलेला बेन सकाळी खिडकीशी येतो, तर बाहेरचे बंदूकवाले त्याला मुडदा समजून गोळी घालतात. बेन झालेला डुएन जोन्स कृष्णवर्णीय. वर्ष मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येचं. चित्रपटाचं नाव बदलताना पडद्यावरची कॉपीराइटची ओळ गळाली, म्हणून आज तो फुकटात पाहता येतो. दिवे मालवून पाहा.

– एक वाचक, मिरज