बोलणी का खाल्ली, ते

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही फार चिडलात. "आगीतून माणूस जिवंत बाहेर काढलास आणि वर चारचौघांत बोलणी खाल्लीस?" तेव्हा सगळे आजूबाजूला होते, म्हणून "नंतर सांगते" म्हटलं.

आई, तू पेपरातून कापून ठेवलेल्या फोटोत मी त्या आजोबांना जिन्यातून आणताना दिसते. आधीचं त्यात नाही. आमच्या पाठीवरची हवेची बाटली ३०० बार दाबाला भरलेली असते. दाब ५५च्या आसपास उतरला की शिट्टी वाजते, पण परतीचा हिशेब धरून त्याआधीच निघायचं असतं. आत जोडीनं जायचं, बाहेर जोडीनं यायचं. जोडीदारानं दोनदा माझ्या खांद्यावर थाप मारली, निघू या म्हणून. मी बोटानं खूण केली, आणखी एक खोली. आजोबा त्याच खोलीत होते, हे खरं. पण बाहेर आलो तेव्हा दोघांच्याही शिट्ट्या वाजत होत्या आणि जोडीदाराचा काटा २०वर आला होता.

संध्याकाळी बंब धुऊन झाल्यावर साहेबांनी सगळ्यांना बसवलं. सुरुवात स्वतःपासून केली: बंब इमारतीला फार चिकटवून लावायला सांगितला, शिडीच्या गाडीला जागाच उरली नाही. मग माझ्याकडे वळले. "आजोबा सापडले म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. धाडस स्वतःच्या हवेवर कर, जोडीदाराच्या नको." मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. १४ जून २०१७, ७२ माणसं गेली. चौकशी अहवालानं आत शिरलेल्या जवानांच्या धैर्याची वाखाणणी केली, आणि त्याच अहवालानं रहिवाशांना दिलेला "घरातच थांबा" हा सल्ला पहाटे पावणेतीनच्या सुमारापर्यंत मागे न घेतल्याबद्दल अग्निशमन दलाला धारेवर धरलं. तिथल्या जवानांना ते वाचताना काय वाटलं असेल, हे मला आत्ता कुठे थोडं कळतंय.

टोमणे मारणारेही आहेत, नाही असं नाही. पोरीला हिरो व्हायचंय, असं माझ्या पाठीमागे म्हणून झालं. त्याचा मला राग आहे आणि राहील. साहेब मात्र तोंडावर बोलले, आणि पुढच्याच आगीच्या वर्दीला ब्रँच, म्हणजे पाण्याच्या पाइपचं तोंड, माझ्या हातात दिली. जोडीदारही तोच. बाबा, त्यानं "नको" म्हटलं असतं तर मला खरंच लागलं असतं.

आई, त्या कात्रणाला फ्रेम करू नकोस एवढ्यात. त्यात तो कडेला कापला गेलाय, नुसता हातमोजा दिसतो. दोघांचा फोटो काढून पाठवते.

तुमची,
लेक