गुडघ्याचं कलम: आरोग्यमंत्र्यांना एका क्रीडाशिक्षकाचं खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
(प्रत: मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग. गुडघा दोन खात्यांच्या मध्ये अडकू नये म्हणून.)

विषय: दात्याच्या ताज्या कूर्चेचं कलम राज्यातच मिळण्याची सोय करण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका हायस्कुलात क्रीडाशिक्षक आहे. एकवीस वर्षं मुलींचा कबड्डी संघ चालवतोय. गुडघा हा काही माझा विषय नव्हे, पण गेल्या दोन वर्षांत त्याचा अभ्यास करणं भाग पडलं.

आमची एक चढाईपटू बोनस घ्यायला आत गेली. कोपऱ्यातल्या मुलीनं तिचा घोटा धरला. ही अंग वळवून मध्यरेषेकडे झेपावली, पाय मात्र मॅटवर तिथंच राहिला. गुडघ्यातून कट् असा आवाज आला, तो मला बाकावर बसून ऐकू आला. तिचं वय तेव्हा एकवीस. पोलिस भरतीची तयारी चालली होती, 800 मीटर ती हसत पळायची.

पुढं दुर्बिणीतून तपासणी झाली. डॉक्टरांनी आतले फोटो दाखवले. मांडीच्या हाडाचं टोक शहाळ्यातल्या मलईसारखं पांढरं, गुळगुळीत, ओलं. आणि त्यात मधोमध एक खड्डा, दोन रुपयांच्या नाण्याएवढा. कडा फाटलेल्या, तळाला लालसर हाड उघडं. मी विचारलं, "म्हणजे गादी गेली का?" डॉक्टर म्हणाले, "गादी तुम्ही कशाला म्हणता त्यावर आहे." आपल्याकडे दोन हाडांच्या मधल्या चकतीलाही गादी म्हणतात, हाडाच्या टोकावरच्या अस्तरालाही गादीच म्हणतात, आणि अख्खा सांधा बदलला तरी लोक वाटी बदलली म्हणून सांगतात. हिची चकती शाबूत होती. गेलं होतं ते अस्तर. कूर्चा.

ही कूर्चा दोनचार मिलिमीटर जाडीची असते. तिच्यात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. सांधा हलला की आतलं वंगण दाबलं जातं, सुटतं, आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. रक्तच नसल्यामुळे जखम झाली तर भरायला कुणी येत नाही. विल्यम हंटर नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं 1743 साली लंडनमध्ये हेच लिहून ठेवलंय: कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षं उलटली तरी या वाक्यात फारसा बदल करावा लागलेला नाही.

उपाय कोणकोणते, हे आम्ही तीन ठिकाणी विचारलं. खड्ड्याच्या तळाला बारीक भोकं पाडून हाडातलं रक्त वर आणायचं, हा एक. त्यातून जे भरतं ते मूळ कूर्चेसारखं नसतं. लहान खड्ड्याला चालतं, मोठ्या खड्ड्यात काही वर्षांत पुन्हा झिजतं. दुसरा उपाय म्हणजे तिच्याच गुडघ्याच्या कमी भाराच्या जागेवरून छोटे छोटे दंडगोल काढून इथं बसवायचे. पण एका घराची कौलं काढून दुसऱ्या घरावर किती घालणार? तिसरा, तिच्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि मग सोडायच्या. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी 1994 साली त्याचे निकाल छापले, आता आपल्या देशातही ते होतं. मात्र हिच्या खड्ड्याखालचं हाडही दबलेलं होतं. "नुसतं प्लास्टर करून काय उपयोग, खालची वीटच फुटलीय," असं तिसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाले, "ही कॅनडात असती तर मी वेगळं सांगितलं असतं."

ते वेगळं म्हणजे मृत दात्याच्या गुडघ्यातून हाडासकट काढलेल्या ताज्या कूर्चेचं कलम.

ते कसं बसवतात हे मी व्हिडिओत पाहिलं आणि मला आमच्या बाजारातला कलिंगडवाला आठवला. फळ पिकलंय हे दाखवायला तो सुरीनं एक डाग काढतो आणि परत तिथंच बसवतो, फट दिसत नाही. सर्जन तेच करतो, फक्त डाग दुसऱ्या फळाचा असतो. खराब भाग गोल कोरून काढायचा. घड्याळाच्या बारा, तीन, सहा, नऊ या आकड्यांच्या जागी खोली मोजायची. दात्याच्या हाडावर त्याच जागी, त्याच वळणाची, त्याच मापाची फोड काढायची. हाडातली मज्जा पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन टाकायची आणि फोड दाबून बसवायची. बहुतेक वेळा स्क्रूही लागत नाही. हाड हाडाशी काही महिन्यांत सांधतं आणि वरच्या कूर्चेतल्या दात्याच्या पेशी जिवंत राहून आपलं काम करत राहतात. कोकणात आंब्याला कलम बांधतात त्याची ही बहीणच.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे रक्तगट जुळवावा लागत नाही. मूत्रपिंड बसवलेल्या माणसाला जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या खाव्या लागतात, इथं त्या नाहीत. कूर्चेतल्या पेशी आपल्याच घट्ट जाळीत बंद असतात, रक्ताशी त्यांची गाठ पडत नाही, त्यामुळे शरीर त्यांना परकं म्हणून हुसकत नाही. जुळवायचा असतो तो फक्त आकार.

हे काही कालपरवाचं नाही. जर्मनीत एरिख लेक्सर या सर्जननं 1908 साली दुसऱ्याचे सांधे बसवल्याचं जाहीर केलं होतं. टोरांटोत ॲलन ग्रॉस यांनी 1972 पासून ताज्या कलमांचं काम सुरू केलं. इतक्या वर्षांचा हिशेब असा, की दहा वर्षांनी दहांतली साधारण आठ कलमं टिकून असतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर उद्या तुमच्या दारात सगळी म्हातारी माणसं उभी राहतील. हा उपाय माझ्या आईसाठी नाही. तिचे दोन्ही गुडघे सगळीकडून झिजलेत, तिला सांधाच बदलावा लागेल. 2017 साली केंद्रानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, त्याचा फायदा तिच्यासारख्यांना आहे. कलम आहे ते तरुण माणसासाठी, बाकी गुडघा चांगला असून एकाच जागी मोठा खड्डा पडलाय अशासाठी. तेवीस वर्षांच्या मुलीला धातूचा सांधा बसवला तर तो तिच्या आयुष्याला पुरणार नाही, पुन्हा उघडावा लागेल. म्हणून डॉक्टर सांगतात, थांबा. म्हणजे पन्नाशीपर्यंत लंगडत थांबा. तिला आता मांडी घालून पंगतीला बसता येत नाही. दोनदा तिला "गुडघेदुखीवर एकच इंजेक्शन" अशा फलकाखालच्या दवाखान्यात नेऊन पैसेही घालवून झाले. तो शहाणपणा माझाच.

आता मूळ मुद्दा. टिशू बँक म्हटलं की मंत्रालयातून उत्तर येईल, ती तर आहे. आहेच. टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिशू बँक 1988 पासून मुंबईत काम करतेय, हाडं आणि गर्भवेष्टनाचे पडदे तयार करून रुग्णालयांना देतेय. पण ते सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं असतं. हाडाला ते चालतं, कारण हाड हा सांगाडा आहे, त्यात रुग्णाचं स्वतःचं हाड हळूहळू शिरतं. कूर्चेला ते चालत नाही. किरणांनी पेशी मरतात आणि नुसतं गोठवलं तरी मरतात. मेलेली कूर्चा बसवणं म्हणजे वाळकी काडी कलम म्हणून बांधणं.

ताजी कूर्चा साधारण 4 अंश सेल्सिअसला पोषक द्रवात ठेवतात. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, जिवाणू, बुरशी या सगळ्याचे अहवाल यायला दोन आठवडे लागतात. आणि अठ्ठावीस दिवसांच्या आसपास पेशींची संख्या घसरू लागलेली असते. म्हणजे अहवाल हातात आल्यापासून दोन आठवड्यांत रुग्ण शोधायचा, माप जुळवायचं, बोलावायचं, ऑपरेशन करायचं. परदेशातून मागवायचं म्हटलं तर विमान आणि कस्टममध्येच त्यातले दिवस जाणार. म्हणून हे राज्यात व्हायला हवं, आणि म्हणून हे पत्र तुम्हाला आहे, एखाद्या आयातदाराला नाही.

दाते कुठून येणार? लागतात ते तरुण दाते, साधारण चाळिशीच्या आतले. ते आपल्याकडे येतातच, आपल्या दुर्दैवानं. रस्त्यावरच्या अपघातात मेंदू मृत झालेली पोरं. त्यांच्या नातेवाइकांशी बोलणारे समन्वयक आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत. मुंबईच्या केईएममध्ये पश्चिम विभागाचं आणि राज्याचं अवयव व ऊती प्रत्यारोपणाचं कार्यालय आहे. मूत्रपिंड, यकृत, हृदय काढायला टीम निर्जंतुक थिएटरात उभी असते. त्याच टेबलावर, अवयव निघाल्यानंतर, गुडघा काढता येतो. त्या वेळी तिथं काढणारं कुणी नसतं आणि काढलेलं न्यायला जागा नसते. एवढंच अडलंय.

कायदा अडवत नाही. 1994 चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आधी ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यात गोवा आणि हिमाचलबरोबर महाराष्ट्र होता. 2011 च्या दुरुस्तीनं त्यात ऊती आल्या. खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. मात्र काढणं, नेणं आणि जतन करणं याचा खर्च घेण्याला त्याच कायद्यात मुभा आहे. तो खर्च सरकारनं ठरवून द्यावा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून भागवावा. नाहीतर उद्या कुणीतरी ही सोय सुरू करील आणि ती फक्त मोठ्या लीगमध्ये खेळणाऱ्यांच्या गुडघ्यांना परवडेल.

लोक देतील का, असं विचाराल. तीन वर्षांपूर्वी आमचे अण्णा गेले. रात्री साडेअकराला. त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणून मी नेत्रपेढीला फोन लावला. पलीकडून बाई शांतपणे म्हणाल्या, "पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, पापण्यांवर ओला कापूस ठेवा, आम्ही निघालो." दीड तासात दोघं जण आले, हातात बर्फाची पेटी. आईनं कंदील धरला, कारण नेमकी लाइट गेली होती. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. चेहरा होता तसाच. आमच्या आत्याला, जी आधी भांडत होती, काही कळलंसुद्धा नाही. मी त्यांना विचारलं, हाडं वगैरे नेतात का? ते म्हणाले, "ते आमच्याकडे नाही. कुणाकडे आहे, माहीत नाही." अण्णा सत्तरी ओलांडलेले, त्यांचे गुडघे कुणाला लागू पडलेही नसते. पण उत्तर ऐकून मी गप्प झालो ते त्यामुळे नाही.

नातेवाइकांना भीती असते ती देहाच्या विटंबनेची. गुडघा काढल्यावर त्या जागी लाकडाचा किंवा प्लास्टिकचा आधार घालून पाय सरळ शिवायची पद्धत जगभर आहे. तिरडीवर पाय पायासारखाच दिसतो. हे समन्वयकांना शिकवा, म्हणजे ते घरच्यांना सांगू शकतील.

घाई करा असं मात्र म्हणत नाही. 2001 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका तेवीस वर्षांच्या तरुणाला असंच हाड-कूर्चेचं कलम बसवलं आणि काही दिवसांत तो गेला. क्लॉस्ट्रिडियम जातीचा जिवाणू त्या कलमातूनच आला होता. दात्याचा देह एकोणीस तास शीतपेटीबाहेर राहिला होता. त्यानंतर तिथले नियम कडक झाले. आपण ती किंमत पुन्हा मोजायची गरज नाही. म्हणून गल्लोगल्ली परवाने नकोत. आधी एकच केंद्र करा, सरकारी, मुंबईत नाहीतर पुण्यात. दात्याच्या मृत्यूच्या वेळेपासून शीतपेटीतल्या तापमानापर्यंत प्रत्येक नोंद ठेवणारं. राज्यभरातल्या रुग्णांच्या गुडघ्यांची मापं आधीच तिथं लावून ठेवलेली, म्हणजे दाता आला की यादी उघडायची. पहिल्या वर्षी दहाच कलमं झाली तरी चालतील, पण प्रत्येकाचा हिशेब जाहीर व्हावा.

आणखी एक. दानाच्या संकल्पाचा नमुना 7 मी मागवून घेतला. त्यात ऊतींच्या खाली कॉर्निया, त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा, रक्तवाहिन्या असं लिहिलंय आणि शेवटी "इतर ऊती, नमूद करा" म्हणून एक रिकामी रेष आहे. मी तिथं "गुडघ्याची कूर्चा" असं लिहिलं. माझं वय 47, ती आता कुणाच्या कामाची नाही, हे मला माहीत आहे.

पण तो कागद मैदानावरच्या खोलीत टेबलावर पडला होता, तो मुलींनी वाचला. बाराजणींच्या संघातल्या अठरा वर्षं पूर्ण झालेल्या नऊजणींनी आपापल्या घरी विचारून तो भरला, त्या रेषेवर तेच लिहून. जिचा गुडघा गेलाय तिनंही भरलाय. "उजवा चांगला आहे" असं तिनं कंसात लिहिलंय. नऊही अर्जांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. ते कुठल्या पत्त्यावर पाठवायचे, तेवढं आपल्या कार्यालयानं कळवावं.

आपला,
एक क्रीडाशिक्षक
ता. खानापूर, जि. सांगली