शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे

मा. संपादक महोदय,

माझ्या साडूंच्या गालातील कर्करोगाची शस्त्रक्रिया इंदुरातील एका रुग्णालयात झाली. ती उत्तम झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरी सोडताना हाती दिलेल्या कार्डावर पुढील उपचाराच्या रकान्यात निळ्या शाईने ‘रिपोर्ट लेकर दिखाएँ’ एवढेच लिहिले होते, तारीख नव्हती. पॅथॉलॉजीचा अहवाल हाती पडायला तीन आठवडे गेले, त्यात मानेच्या गाठींत रोग निघाला, मग किरणोपचारांआधी दात दाखवून आणा म्हणून आणखी दहा दिवस, असे करत किरणोपचार सुरू झाले ते नवव्या आठवड्यात.

मुखकर्करोगात शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारांची गरज असेल, तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, असे उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ साली उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या देशव्यापी जाळ्याने आपल्या देशातील परिस्थिती ध्यानात घेऊन अशी तत्त्वे तयार केली असून ती कुणालाही विनामूल्य पाहता येतात. सर्जनना ती ठाऊक असतातच. मात्र अहवाल मागवणे, दंतवैद्याकडे धाडणे, मशीनची तारीख मिळवणे ही कामे निवासी डॉक्टर, परिचारिका आणि खिडकीवरचे बाबू यांच्या हातची, आणि त्यांना या सहा आठवड्यांविषयी बहुधा कुणी सांगितलेलेच नसते.

आम्हाला ते सांगितले टाके काढणाऱ्या सिस्टरने, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने आठवडे मोजून. ते काम त्यांना कुणी नेमून दिलेले नव्हते; उलट ‘तुम्ही ड्रेसिंग बघा’ असे ऐकून घ्यावे लागले, हेही आमच्यासमोरच.

म्हणून रुग्णालयांना विनंती, की फाइलच्या पहिल्याच पानावर शस्त्रक्रियेच्या तारखेशेजारी सहावा आठवडा संपण्याची तारीख लिहावी, दातांची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच उरकावी, आणि जखम भरली नाही किंवा प्रकृती साथ देत नाही म्हणून उशीर करावाच लागला, तर तसे कारण नोंदवावे. याला ना नवे यंत्र लागते, ना अनुदान. स्वच्छतेत २०१७ पासून अव्वल ठरत आलेल्या आपल्या शहराने सफाई कामगारांचे जाहीर कौतुक केले, तसे वेळेत तारीख मिळवून देणाऱ्या सिस्टरचेही व्हावे. निदान ती बोलू लागली, की वरिष्ठांनी तिला गप्प तरी करू नये.

— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर