दादा, तुम्ही त्या रात्री उलटे केलेले दोन पत्ते

दादा, हे तोंडावर बोलायला मला जमणार नाही म्हणून लिहितोय. चार महिने झाले तरी पोकरचा तो हात, म्हणजे तो डाव, डोळ्यासमोरून जात नाही.

माझ्याकडे बदामचा एक्का आणि बदामची सत्ती. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, बदामची राणी, बदामची चौकी आणि किलवरची नश्शी. तुम्ही बेट केली, म्हणजे चिप्स लावलेत, मी कॉल, म्हणजे तेवढेच लावले. टर्नला, म्हणजे चौथा, फालतू पत्ता, तुम्ही परत बेट, मी परत कॉल. रिव्हरला, म्हणजे पाचव्या शेवटच्या पत्त्यालाही बदाम आलं नाही आणि मी पत्ते टाकले. नेहमीचंच होतं ते माझं.

डाव संपला, सगळे उठले, तुम्ही थांबलात. आणि काही न बोलता तुमचे दोन पत्ते माझ्यासमोर उलटे करून ठेवलेत, इस्पिकची राणी आणि अठ्ठी. म्हणालात, "टर्नवर रेज मारली असतीस, माझ्या बेटच्या वर लावलं असतंस, तर मी हे टाकून दिले असते." बस, एवढंच.

तुम्हाला दाखवायची काहीच गरज नव्हती हो. पोकरमध्ये जिंकलेला माणूस न दाखवलेले पत्ते कधी दाखवतो का? ती माहिती म्हणजे उद्याचे चिप्स असतात, आणि तुम्ही ती समोरच्यालाच देऊन टाकलीत.

त्याआधी मला शिकवणारे कमी नव्हते. एकाने तर फी घेतली, कुठले पत्ते खेळायचे त्याचा तक्ता पाठ करून घेतला आणि वर "संयम ठेव, चांगल्या पत्त्यांची वाट बघ" एवढंच सांगत राहिला. दोन वर्षं वाट बघितली मी. हरलो की म्हणायचे नशीब खराब. कुणालाच बसून माझा एक हात नीट बघावासा वाटला नाही, याचा राग अजून आहे मला.

गणित मला येत होतं. नऊ बदाम शिल्लक, दोन पत्ते यायचे असताना पाच बदाम जमून फ्लश लागायची शक्यता ३५ टक्के, एकच पत्ता उरला की १९-२०. पण तुम्ही सोडून द्याल ही शक्यता मी कधी मोजलीच नव्हती! कॉल करणाऱ्याला जिंकायचा एकच रस्ता, शेवटी पत्ते भारी निघायला हवेत. बेट करणाऱ्याला दोन, समोरचा सोडतो नाहीतर पत्ता लागतो. नंतर घरी कागदावर मांडून बघितलं, पॉटच्या, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्सच्या, अर्धी बेट तीनातून एकदा चालली तरी हातात काही नसताना सुद्धा नुकसान नाही, आणि जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर साधी जोडी लागते तीही तीनातून एकदाच, म्हणजे समोरचा बहुतेक वेळा माझ्याइतकाच घाबरलेला असतो आणि मी मात्र दोन वर्षं त्यालाच बेट करू देत होतो.

पुढच्या वेळी मी प्रत्येक हाताला रेज मारत सुटलो तेव्हा तुम्हीच हळूच म्हणालात, जो कधीच सोडत नाही त्याच्यावर ब्लफ मारू नकोस, त्याच्याकडून चांगल्या हातावर पुरेपूर घे. तेही फुकट, तेही चारचौघांत नाही, बाजूला घेऊन. माहिती असलेली माणसं खूप भेटतात, समोरच्याचा कमीपणा न करता ती देणारी फार थोडी.

त्या रात्री थँक्यू सुद्धा म्हटलं नाही मी, मान खाली घालून निघून गेलो. त्याबद्दल माफ करा.

आणि परवा टर्नवर मी तुम्हाला रेज केलं, आठवतंय? तुम्ही बराच वेळ चिप्स बोटात फिरवत बसलात, माझ्याकडे बघितलंत आणि पत्ते टाकलेत. मी तेव्हा दाखवले नाहीत, सगळे बसले होते. चौकटची दश्शी आणि नश्शी होती दादा. ड्रॉ होता नुसता, पुढच्या पत्त्याची आशा, अजून काहीच लागलं नव्हतं.