आईच्या गुडघ्याला बर्फ लावायला शिकवणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

आईचा गुडघा बदलल्यावर तुम्ही घरी येऊन व्यायाम करून घेतलेत, त्याचे आभार आम्ही तेव्हाच मानले. हे पत्र बर्फासाठी आणि शेकासाठी.

भेटायला येणारा जो तो एकच सांगायचा, 'गरम पाण्याच्या पिशवीने शेका, बरं वाटेल.' आईचंही तेच मत. तुम्ही नुसतं 'नको' म्हणाला असतात, तर तुमची पाठ वळताच पिशवी निघाली असती. तुम्ही तिच्याजवळ बसून कारण सांगितलंत. ऑपरेशननंतर तिथे रक्तपुरवठा आधीच वाढलेला असतो, गरम शेकाने रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात, मग सूज आणि ठणका दोन्ही वाढतात. गारव्याने त्या आकसतात, शिवाय वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसाही मंदावतात. आईला पटलं. तिला एखादी गोष्ट पटवणं किती अवघड, ते आम्हीच जाणतो.

जेल पॅकबद्दल मात्र आम्हीच चकित झालो. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास तापमान असतं, त्यामुळे तिथून काढलेला पॅक बर्फापेक्षाही गार असू शकतो. पाणी सुटलेला बर्फ शून्यावरच राहतो, म्हणून तो जास्त बिनधोक. तरी दोन्हीच्या खाली कोरडा कपडा हवाच. १५ ते २० मिनिटं ठेवायचं, मग काढून कातडीचा रंग बघायचा आणि पुन्हा लावण्याआधी निदान तासभर जाऊ द्यायचा. पिशवी गळत नाही ना, हे आधी बघायचं, कारण पट्टी ओली होता कामा नये.

एकदा तुम्ही आईला डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा गुडघ्यावरून फिरवलात. आतल्या बाजूला तिला कळत होतं. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बोळा गेला, तरी ती विचारत होती, 'लावलात का?' चीर देताना तिथली एक बारीक नस कापली जाते, बऱ्याच जणांचा तेवढा भाग बधिर राहतो, असं तुम्ही सांगितलंत. जिथे कापूस कळत नाही तिथे चटकाही कळणार नाही, बर्फाचा असो की गरम पाण्याचा. म्हणून वेळ घड्याळावर मोजायची आणि कातडी डोळ्यांनी तपासायची, आईच्या 'ठीक आहे'वर जायचं नाही.

आणि ती उशी! आई ती हळूच गुडघ्याखाली सरकवायची, तुम्ही न रागावता काढून टाचेखाली ठेवायचात. गुडघा वाकलेला राहिला तर तसाच आखडतो, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत कोण जाणे.

सगळ्यात मोठा उपकार फोनवरचा. आईची पोटरी दुखायला लागली, थोडी सुजलीही. घरात कुणीतरी शेकायचं म्हणालं, कुणी तेल लावून चोळायचं. तुम्ही म्हणालात, शेक नाही, चोळणं तर मुळीच नाही, आधी डॉक्टरांना फोन लावा, रक्ताची गुठळी असू शकते. सोनोग्राफीत काही निघालं नाही. पण निघालं असतं तर, हा विचार अजून येतो.

पुढे टाके निघाले, जखम पूर्ण भरली, डॉक्टरांनीही होकार दिला, तेव्हा तुम्ही स्वतःच शेकाचं नाव काढलंत. तोही गुडघ्यावर नाही. मांडीच्या आखडलेल्या स्नायूंना, व्यायामाआधी, सोसेल इतपत गरम. व्यायामानंतर गुडघ्याला पुन्हा बर्फ. आईने विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं होतं.

गुडघा अजून हाताला कोमट लागतो. काही महिने तसं राहू शकतं हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त आहोत. लाली वाढली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर वाट बघायची नाही, हेही लक्षात आहे.

आई आता कठडा धरून जिना चढते. ते तुम्हाला दाखवायचं म्हणून ती मागे लागली आहे, तेव्हा एकदा सवडीने या. व्यायाम घ्यायला नाही, नुसत्या गप्पांना.

तुमचा,
आईचा बर्फवाला मुलगा